कौशल्येच्या लुगड्यांची वाकळ

चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत मंजुळाबाईचं नाव निघालं की बायकांनी हात जोडायचेच तेवढे बाकी राहायचे. सावत्र आई असावी तर अशी, म्हणायच्या. आधी सवतीच्या पोरांच्या ताटात वाढणार, मग उरलंसुरलं आपण खाणार. मी तिच्या सवतीची पोर. हे कौतुक कानावर आलं की माझं डोकं भणभणायचं. कौतुक खोटं होतं म्हणून नव्हे. ते अगदी खरं होतं. पण त्याची सुरुवात कुठे झाली हे सबंध चाळीत दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला.

माझी आई कौशल्या तापानं गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि माझा भाऊ सोपान दोनाचा. वडील ज्योतीराम गवंडीकाम करायचे. त्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि मंजुळा घरात आली. वय असेल सतरा-अठरा. आम्हा दोघांना मात्र आईच्या आईनं, छबूबाई आजीनं, सेलूजवळच्या आपल्या गावी नेऊन ठेवलं होतं. आजी करारी बाई. जावयालाही तिच्यापुढे मान वर करायची छाती नव्हती.

आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची मूर्ती ठोकलेली. मेलेली सवत त्यात राहते आणि सगळं बघते, असं मानतात. नवी चोळी आली की आधी टाकाला लावायची, मग अंगात घालायची. जेवायला बसलं की पहिला घास टाकाला दाखवायचा. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मंजुळा हे विसरली. नवं लुगडं तसंच नेसली. महिन्याभरात तिचा तीन महिन्यांचा गर्भ पडला. आजीनं तिच्या दारात जाऊन सांगितलं, "कौशल्या रागावली. आता तरी शहाणी व्हय." त्या दिवसापासून मंजुळा त्या पत्र्याला जेवढी भ्याली तेवढी देवालाही कधी भ्याली नसेल.

पुढे तिला मुलगा झाला, चिमाजी. तो पाच महिन्यांचा असताना, म्हणजे बावन्न सालच्या डिसेंबरात, वडिलांचं गावी मंजुळेला पत्र आलं. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, तिथे ते वर्षभर कामावर होते. चिंचवडला आता खोली मिळाली होती. न्यायला येता येणार नाही, स्लॅबचं काम चालू आहे, तूच लेकरं घेऊन ये. आणि खाली एक ओळ होती. कौशल्येची दोन्ही लेकरं नसतील तर तूही येऊ नकोस.

म्हणजे मंजुळेला नवरा, घर, संसार जे काही मिळायचं होतं ते आम्हा दोघांच्या हाताला धरून मिळायचं होतं. आणि आजी आम्हाला सोडायला तयार नव्हती. आठ दिवस तिनं मंजुळेला दारात बसवून ठेवलं. शेवटी कबूल झाली, पण सेलूच्या फलाटावर चार माणसांदेखत तिनं बजावलं, "संक्रांतीला मी यीन. लेकरं वाळलेली दिसली, न्हाईतर त्यांनी एक जरी गाऱ्हाणं केलं, तर तिथून उचलून आणीन. आन् ज्योतीरामाला तिसरी करून दीन. ध्यानात ठिव."

मग तिनं माझ्या हातात एक वाकळ दिली. माझ्या आईच्या चार लुगड्यांची तिनं स्वतः शिवलेली, जाडजूड. मला म्हणाली, "ही तुझ्या आईची हाय. तू आन् सोपान, दोघांनीच घ्यायची. तिच्या पोराला हिच्यात घालू द्यायचं न्हाई. समजलं?"

मी मान हलवली. नऊ वर्षांची होते. कुणी मोठ्या माणसानं आपल्याला एवढ्या मोठ्या कामावर नेमलं याचा मला गर्व झाला.

मनमाडपर्यंतची छोटी गाडी दिवसभर चालली. मंजुळेनं बांधून आणलेल्या भाकरी आम्हाला दिल्या, गुळाचा खडा दिला, स्वतः पाणी प्यायली. मी तिच्याशी बोलत नव्हते. 'आई' म्हणायचं नाही, असंही आजीनं सांगितलं होतं, म्हणून मी तिला काहीच म्हणत नव्हते. सोपान मात्र चिमाजीला गुदगुल्या करत होता आणि ते बाळ खदखदून हसत होतं. गुटगुटीत होतं. हसलं की हनुवटीला खळी पडायची. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी त्याच्याकडे बघायचंही टाळत होते.

मनमाडला दिवस मावळला. दौंडची गाडी लागली तेव्हा अशी रेटारेटी झाली की मंजुळेनं सोपानला खिडकीतून आत टाकलं, बोचकं डोक्यावर घेतलं, चिमाजीला काखेत मारलं आणि मला पुढे घालून ती चढली. बाक मिळाला तो खिडकीचा. का रिकामा होता ते गाडी सुटल्यावर कळलं. खिडकीची झडपच नव्हती. मंजुळेकडे पांघरायला एक चादर होती. ती तिनं त्या भोकात कोंबली. तरी कडेनं वारा येतच होता. चिमाजीच्या अंगावर दोन दुपटी होती. कोपरगावपर्यंत त्यानं दोन्ही भिजवली. वाळवायची कुठे?

तिनं त्याला पदरात घेतलं. पदर तो कसला, विटून जाळी झालेला. आम्ही दोघं वाकळेत गुरफटून बाकावर आडवे, आणि ती खाली फळीवर बसलेली, पोर पोटाशी घेऊन. नगरच्या अलीकडे थंडी अशी पडली की डब्यातली माणसं बोलायची थांबली. चिमाजी रडत होता. आधी जोरात, मग किरकिर, मग नुसतं कण्हल्यासारखं. मी जागी होते. सोपानचं अंग माझ्या पाठीला लागलं होतं आणि मला चांगलं ऊबदार वाटत होतं.

तेव्हा मंजुळेनं माझ्या खांद्याला हात लावला.

"रुक्मे, बाई, जागी हायस का? चिमाजीला तुमच्या दोघांच्या मधी निजवू का? एक टोक दे फकस्त. लई गारठलंय लेकरू."

मी म्हणाले, "नको. आजीनं सांगितलंय."

"सकाळपातूर, बाई. आजीला कळणार बी न्हाई."

"मी सांगीन आजीला," मी म्हणाले आणि वाकळ पाठीखाली घट्ट खोचून घेतली.

समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. ती भडकली. "अगं, इचारतीस काय त्या कार्टीला! घे वढून. लेकरू मरंल तुझं."

त्या म्हातारीचं ऐकलं असतं तर? मी नऊ वर्षांची पोर, एका हिसक्यात वाकळ सुटली असती. मंजुळेचा हात वाकळेच्या काठावर आलाही होता. ती बोटं मला अजून दिसतात. पण तिचा दुसरा हात गळ्याकडे गेला. टाक तिनं मुठीत धरला आणि काठावरचा हात मागे घेतला.

"न्हाई माय," ती म्हातारीला म्हणाली. "पहिलीची हाय. ती बघतीया."

मग तिनं अंगातली चोळी काढून चिमाजीला गुंडाळली आणि उघड्या अंगावर तो फाटका पदर ओढून बसली. नगर गेलं. चिमाजीचं कण्हणं थांबलं. मला वाटलं, झोपला एकदाचा. मीही झोपले. छान झोप लागली मला, हे लिहायला लाज वाटते, पण लागली.

दौंडला उजाडलं. मंजुळेनं तोपर्यंत चोळी पुन्हा अंगात घातली होती. चिमाजीला खिडकीतून काढलेल्या चादरीत पार तोंडापर्यंत गुंडाळलं होतं. तिचं तोंड कसं दिसत होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलं नाही. तिनं आम्हाला नळावर नेऊन तोंड धुवायला लावलं, भाकरी दिली, केस विंचरले. पुण्याच्या गाडीत एका बाईनं विचारलं, "लेकरू लई शांत हाय, किती महिन्यांचं?" मंजुळा म्हणाली, "पाच. निजलंय." तिकीट तपासायला आलेल्या बाबूलाही तिनं तेच सांगितलं, निजलंय. खरं सांगितलं असतं तर गाडीतून उतरवलं असतं, पोलीस आले असते, आणि आम्ही दोघं परक्या स्टेशनात अडकलो असतो. तिला आम्हाला धडधाकट पोचवायचं होतं. नाहीतर तूही येऊ नकोस, असं पत्रात होतं ना!

पुण्याच्या फलाटावर आम्ही चिंचवडच्या गाडीची वाट बघत होतो. सोपानला कुणीतरी रेवडी दिली होती. ती चिमाजीला चाटवायला तो चादर बाजूला करू लागला. मंजुळेनं त्याचा हात धरला, हळूच. पण तेवढ्यात एक पाय बाहेर आला आणि तो माझ्या हाताला लागला.

मला कळलं. नऊ वर्षांच्या पोरीला कळतं. मी वाकळेची घडी उचलली आणि तिच्यापुढे धरली. म्हणाले, "घे. घाल त्याला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या सबंध प्रवासात पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाली, "राहू दे. आता ऊन पडलंय."

चिंचवडला वडील उभे होते. आधी त्यांनी आम्हा दोघांना चाचपून बघितलं, मग चिमाजीसाठी हात पुढे केले. चादर उघडल्यावर त्यांनी स्टेशनातच मंजुळेच्या मुस्काटात मारली. "काय केलंस माझ्या पोराचं?"

आता ती माझं नाव घेणार, असं वाटलं. ती म्हणाली, "माझा डोळा लागला. पांघरूण सुटलं."

पवनेच्या काठी वडिलांनी खड्डा खणला. दुपारच्या पाळीला ते स्लॅबवर परत गेले, कारण ठेकेदारानं अर्ध्याच दिवसाची सुट्टी दिली होती. मंजुळेनं चूल मांडली आणि आम्हाला पिठलं करून वाढलं. अंगावर दूध आलं होतं, ते ती मोरीत पिळून टाकत होती. मी दारातून बघत होते. तिनं मला बघितलं आणि पाठ फिरवली.

संक्रांतीला आजी आली. आम्हाला उजेडात उभं करून गाल, दंड, पोटऱ्या सगळं दाबून पाहिलं. आम्ही चांगले भरलो होतो. मग मला मांडीवर घेऊन विचारलं, "वाकळ कुणाला दिली नव्हतीस न्हवं?"

मंजुळा चुलीपाशी तीळ भाजत होती. तिचा हात थांबला.

"नाही," मी म्हणाले.

"शाबास माझी वाघीण!" आजीनं माझ्या तोंडात तिळाचा लाडू घातला. "माझ्या कौशल्येनं लेकरं राखली बघ." चिमाजीबद्दल तिनं एवढंच म्हटलं, की आपल्या पोटचं ज्याला जपता येत नाही त्यानं जास्त बोलू नये. लाडू गोड होता. मी सगळा खाल्ला.

त्यानंतरची सहा वर्षं चाळीनं डोळ्यांनी बघितली. मंजुळेनं आम्हाला कधी बोट लावलं नाही. सोपानला गोवर आला तेव्हा एकवीस दिवस ती उशाशी बसली. वडील पुढे कारखान्यातच कायम झाले, घरात दोन पैसे आले, तरी नवं कापड आधी मला, मग टाकाला, मग उरलं तर तिला. तिला पुन्हा मूल झालं नाही. आणि थंडी पडली की रोज निजताना ती माझ्या अंगावर ती वाकळ घालायची. नुसती घालायची नाही, चारी बाजूंनी घट्ट खोचायची, जशी मी त्या गाडीत खोचून घेतली होती. मी डोळे मिटून पडून राहायचे आणि मनात म्हणायचे, मार मला एकदा, एकदाच मार आणि मोकळी कर. तिनं कधी मारलं नाही. चाळीतल्या बायका याला माया म्हणायच्या.

एकोणसाठ सालच्या वैशाखात चऱ्होलीला माझं लग्न ठरलं. आजी तोवर वारली होती. निघायच्या दिवशी मंजुळेनं माझी ट्रंक भरली. भांडी, दोन लुगडी, आणि सगळ्यात वर ती वाकळ, धुऊन, उसवलेले टाके पुन्हा घालून. बाहेर बैलगाडी उभी होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. सहा वर्षं सांगायचं राहिलेलं मी कसंबसं बाहेर काढलं.

"आई," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "ही नको. ही तू ठेव. चिमाजीच्या वेळी मी..."

तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही. वाकळ ट्रंकेत खाली दाबली, झाकण लावलं आणि कडी घातली.

"तुझी हाय ती," ती म्हणाली. "आजीनं सांगितलंय."

मग ती बाहेर गेली आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडून इतकी रडली, की चाळीतल्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले.