पहिल्या पेटीतलं पान

कागद वाचायची मला भारी हौस. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर असो की खताच्या गोणीवरचा, माझ्या तावडीतून काही सुटत नाही. त्यामुळे आमचा टोमॅटो पहिल्यांदा परदेशी जायचं ठरलं, तेव्हा त्या देशाच्या नियमांची यादी आपोआप माझ्याकडे आली. नवरा म्हणाला, "तूच वाच आन् तूच समद्यास्नी सांग. तुला तेवढंच पायजे आसतंय."

निरवांगीच्या शिवारात आम्ही इतकी वर्षं टोमॅटो पिकवतोय, पण फळाकडे कुणी इतकं निरखून बघत असेल असं मला वाटलं नव्हतं. मातीचा कण नको. अळीचं टाचणीच्या टोकाएवढंही भोक नको. देठ काढलेला हवा, आणि पेटीत पान, काडी, गवत काही म्हणजे काही नको. इंदापूरच्या बाजारात हिरवा देठ दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, माल ताजा आहे. आणि हे लोक देठालाच भितात? एवढा मोठा देश आमच्या टोमॅटोच्या पानाला घाबरतो, याचं मला हसू येई आणि कोडंही पडे.

पेट्या भरायचं काम माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या बारामतीजवळच्या शेडमध्ये होतं. शेळगावच्या बायका आल्या होत्या. मी दारातच उभी राहून एकेकीला नियम सांगत होते. त्यातली एक आमच्याकडे वर्षानुवर्षं तोड्याला येणारी, हाताला सगळ्यांत चपळ. तिच्या केसांत शेवंतीचं फूल होतं.

"ते काढ," मी म्हणाले.

"वैनी, फूल डोक्यात हाय. पेटीत कुठं हाय?"

"पडलं मंजी?"

तिनं फूल काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ती हिरमुसली. मला मात्र आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

आमच्या घरची एक रीत आहे. शेतातलं पहिलं काहीही, कणीस असो की वांगं, वर तुळशीचं पान ठेवून देवाला दाखवायचं, मगच बाहेर काढायचं. पान मी घरून पर्समध्ये आणलं होतं. पहिली पेटी भरली तसं ते वर ठेवलं आणि हात जोडले. नमस्कार झाला की पान उचलायचं, हे मनात पक्कं होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, ट्रक कुठवर आला ते सांगायला. रेंज नव्हती म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा पेट्यांची थप्पी लागली होती, आणि मी पान साफ विसरले.

दुपारी सरकारी तपासणीच्या मॅडम आल्या. वयानं लहान, गळ्यात दोरीला भिंग. मी त्यांची पाठ सोडली नाही.

"आमच्या अळीचं त्यांना येवढं भ्या कशाचं, मॅडम?"

"पान पोखरणारी ही अळी आपल्याकडची तरी कुठे आहे? बाहेरूनच आली. कशातून आली ते कुणी पाहिलं नाही. एकदा आली की परत जात नाही, म्हणून ते दारातच अडवतात."

मला हे पटलं. मी आणखी विचारणार, एवढ्यात त्यांनी एक पेटी उघडली आणि चिमट्यानं एक पान वर धरलं.

"हे काय?"

व्यापाऱ्याच्या माणसानं पान कसलं तेही पाहिलं नाही. आधी खिडकीतल्या फुलाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. "सकाळी हिच्याच डोक्यात पालापाचुळा हुता. उद्यापासनं येऊ नको तू."

"म्या न्हाय टाकलं," ती म्हणाली. "माजं फूल तितंच हाय. वैनींनी बगितलंय."

आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

मी लगेच बोलायला हवं होतं. बोलले नाही. किती वेळ ते आता सांगता येणार नाही, पण तिचं काम जात होतं आणि मी गप्प होते हे खरं आहे. त्याची मला अजून लाज वाटते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दुसऱ्यांना कितीदा ऐकवली असेल.

"पान माजं हाय," शेवटी मी म्हणाले. "म्याच ठेवलं हुतं."

मॅडम रागावल्या नाहीत. "मग सगळ्या पेट्या उघडायला लागतील," एवढंच म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी माझी खोड जाईना. मी विचारलं, "येका पानानं काय हुतंय, ते दावता का?"

त्यांनी पान उलटं करून भिंग माझ्या हातात दिलं. या तुळशीला मी रोज पाणी घालते, प्रदक्षिणा घालते. तिचं पान उलटून कधी पाहिलं नव्हतं. तिथे मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके होते. त्यातला एक चालत होता.

"पांढऱ्या माशीची पिल्लं," मॅडम म्हणाल्या. "हीच माशी टोमॅटोवर रोग पसरवते."

मला त्या देशाचं हसू येईनासं झालं.

ट्रक दारात थांबून राहिला. आम्ही सगळ्यांनी मिळून एकूण एक पेटी उघडली, फळ न् फळ पाहिलं, पुन्हा भरलं. दिवस मावळायच्या आत मॅडमची सही झाली. व्यापाऱ्याच्या माणसानं त्या बाईची माफी मागितली नाही, पण पुन्हा येऊ नको असंही म्हणाला नाही. मी तिच्याशेजारी बसून फळं पुसत होते. "चुकलं माजं," मी म्हणाले.

"हात चालवा वैनी," ती म्हणाली. "ट्रक उबा हाय."

पुढच्या तोड्याला मी शेडवर पोचले तेव्हा ती माझ्या आधी दारात उभी होती. तिचं फूल खिडकीच्या कट्ट्यावर होतं.

"वैनी, हात दावा."

मी दोन्ही हात उघडून पुढे केले. तिनं ते उलटेसुलटे करून नीट पाहिले.

"आन् पर्स?"

मी पर्सही उघडली. मग तिनं मला आत सोडलं.