लुगड्यात गुंडाळलेली बंदूक

निवडणूक जवळ आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. रोह्याच्या एसटीत माझ्या शेजारचे म्हातारबाबा त्यासाठीच निघाले होते. शेतराखणीची बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी गुडघ्यांत उभी धरली होती. खड्डा आला की नळीच्या तोंडावर तळहात ठेवत.

"बाबा, आता रानडुकरं वाल खातील की," मी म्हटलं.

"खातील. पोरं म्हनतात, मतदान झालं का लगेच सोडवून आना. मी नाय आननार."

"का?"

बाबांनी लुगड्याची सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.

"दोघां पोरांचा बांधावरून वाद चाललाय. डुकरं अंधार पडल्यावर येतात, ते ठावं हाय. राग कवा येल, ते कोन सांगनार?"