ब्रेकला तेल

बॅटरीवरची सायकल घरात आली तेव्हा मी जरा जास्तच मिरवले. मी उपकेंद्रात नर्स आहे. आमच्या प्रकाशा गावाहून शेजारच्या गावी रोज जायचं म्हणजे नवऱ्याच्या मोटरसायकलची वाट पाहायची, आणि तो केळीच्या बागेतून कधी येणार हे त्या बागेलाच ठाऊक. लग्नानंतरची आठ वर्षं मी पर्स खांद्याला लावून ओट्यावर उभी होते. म्हणून त्या दिवशी घरच्यांना अंगणात बोलावून मी सायकलचा एकेक भाग दाखवला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना ब्रेक दाखवताना तर माझा आवाज चढलाच.

"आत्या, याना ब्रेकमा तार नही. तेलवर चालस."

आत्यांनी मान डोलावली. त्यांनी ते नीट लक्षात ठेवलं, हे मला पुढे कळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या घाटाजवळच्या एका बाळंतिणीला पाहून मग उपकेंद्रात जायचं होतं. उताराला लागले आणि ब्रेक दाबला. ब्रेक हाताला कडक लागला, चाक किंचाळलं, पण सायकल थांबेना. दर्शनाला आलेली माणसं भराभर बाजूला झाली आणि मी पपईच्या क्रेटवर जाऊन थडकले. गुडघा सोलला, तो मीच पुसला.

नवऱ्याने घरी येऊन गुडघा पाहिला. "इकी टाकूत ती सायकल. मी सोडत जासू तुले."

तो हे मायेने म्हणाला, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. पुन्हा ओटा, पुन्हा पर्स. विकायच्या आधी मी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, कॅलिपर सरकला असेल. कॅलिपर म्हणजे चाकाच्या पोलादी चकतीला दोन्हीकडून पकडणारा चिमटा. त्याचे दोन बोल्ट ढिले करायचे, ब्रेक घट्ट दाबून धरायचा, की चिमटा आपसूक मधोमध येतो. तसाच दाबून ठेवून बोल्ट आवळायचे. एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्याने पाना धरून मी हे तीनदा केलं. चाक कुठेही न घासता गरगर फिरलं. ब्रेक मात्र तस्साच घसरत होता. दुकानदाराला, कारखान्याला आणि चाकाचा शोध लावणाऱ्याला मी मनातल्या मनात चांगलं झाडलं.

मग सहज चकतीवर बोट फिरवलं. बोट चकाकलं. वास घेतला तर आमच्या स्वयंपाकघराचा, शेंगदाण्याच्या तेलाचा.

"चकतीले तेल कोनी लावं?" मी अंगणातूनच विचारलं, आणि ते विचारणं काही गोड नव्हतं.

आत्या हातात सूप घेऊन बाहेर आल्या. "मीच लावं. दसराले सगळा लोखंडले लावतस. विळा, पावडी, सगळासले. आनि याना ब्रेक तेलवर चालस, हाई तूच सांगं व्हतं. म्हणीसन याले दोन थेंब जास्ती टाकात." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू पडाले नको म्हणीसन."

माझा राग जागच्या जागी बसला. तेल लागतं ते बंद नळीच्या आत, दाब पुढे न्यायला. चकतीवर त्याचा थेंबही चालत नाही. पण मिरवायच्या नादात मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं. मला त्यांची फार माया आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून, इंजेक्शनच्या आधी दंड पुसते तशी मी चकती पुसली. चिमट्यातले पॅड मात्र तेल पिऊन बसले होते, ते बदलणंच भाग होतं. नवे पॅड नवऱ्याने नंदुरबारहून आणले आणि माझ्यापुढे ठेवले. पॅड बसवले की आधी ते मुरवावे लागतात. वेग घ्यायचा, हळूहळू थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा. रविवारी सकाळी मी गल्लीत वीस फेऱ्या मारल्या. आत्या ओट्यावर बसून मोजत होत्या.

विसावी झाली तशा त्या उठल्या आणि पदर खोचून सायकलजवळ आल्या. "माले मांगे बसाड. उतारले चाल."

मी नको म्हटलं. आधी एकटी जाऊन येते म्हटलं.

"मन्हा हातनं बिघडनं. मी बससू."

आत्यांपुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही. त्या मागे बसल्या आणि माझ्या कमरेला त्यांनी घट्ट मिठी घातली. उतार लागला तसं त्यांचं नामस्मरण माझ्या पाठीला ऐकू येऊ लागलं. मी दोन बोटांनी ब्रेक दाबला. सायकल हू की चू न करता पपईच्या क्रेटच्या बरीच अलीकडे थांबली. आत्यांचे हात तरी सुटेनात.

"परत एकदाव," त्या म्हणाल्या. आम्ही तीनदा उतरलो. तिसऱ्यांदा त्या हसत होत्या, आणि मीसुद्धा.

नवरा दारातच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत आत्या खाली उतरल्या आणि त्याला म्हणाल्या, "सायकल इकानी नही. उद्यापाईन ती एकलीच जाई. मी बसीसन देखी उनू."

सोमवारी सकाळी मी पर्स खांद्याला लावली आणि ओट्यावर न थांबता निघाले.