गाडीचा डावा गाल

काम सुरू करण्याआधी ते सदरा उलटा करून घालतात. शिवण बाहेर, चांगली बाजू आत. घरी जाताना तो सुलटा करायचा असतो. बहुधा विसरतात.

मग कोपरापर्यंत तान्ह्या बाळाची पावडर फासतात. काचेचे तंतू कातडीत शिरू नयेत म्हणून. त्यामुळे साठी उलटलेला, झुबकेदार मिशांचा हा माणूस दिवसभर नुकतंच न्हाऊ घातल्यासारखा घमघमतो.

गुळगुळीत काही दिसलं की डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवतात. टेबल, भिंत, बँकेचा काउंटर. एकदा जावयाचं टक्कलसुद्धा. "छान आहे. मागे जरा खोलगट लागतं," म्हणाले. जावई तेव्हापासून टोपी घालून येतो.

घास उजव्या बाजूनंच चावतात. डावीकडच्या दाढेचं काय झालं असं कुणी विचारलं की हवापाण्याच्या गप्पा काढतात.

आणि काम झालं, असं कधी म्हणत नाहीत. म्हणतात, "बघू उद्या."

गल्ली त्यांना लेपमास्तर म्हणते. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. ती पाटी त्यांनी घासून रंगवायला उतरवली. अजून उतरलेलीच आहे.

घराच्या मागे त्यांची शेड. पत्र्याचं छप्पर, एका बाजूला काचेच्या तंतूंच्या मॅटचे गुंडाळे, दुसऱ्या बाजूला रेझिनचे, म्हणजे पातळ चिकट राळेचे डबे, आणि नाकात शिरून बसणारा वास. फायबरचं जे जे तडकतं ते इथं येतं. पोट भरतं पाण्याच्या टाक्यांवर. जीव रमतो तो जुन्या गाड्यांत. त्यातही एका गाडीत, आणि ती गाडी ताईंची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दातांची डॉक्टर, आता दवाखाना बंद केलेली. गाडी फायबरची, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. ताईंनी ती तरुणपणी घेतली आणि लग्न केलं नाही. नातेवाईक या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. ताई म्हणतात, "दोनच तर जागा. एक मला लागते, एक पर्सला."

ही गाडी ताईंनी स्वतःच्याच फाटकाच्या खांबावर घातली. भर दुपारी. डाव्या दिव्याभोवतीचा सगळा गाल फुटला. तशीच चालवत शेडमध्ये आल्या.

"खांब मध्ये आला," त्या म्हणाल्या.

"किती वर्षं आहे तो तिथं?"

"तेच म्हणते मी. इतकी वर्षं गप्प होता."

मास्तर हसले. तेवढ्यात ताई किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायला गेल्या. खिळा त्यांच्या डाव्या हाताला होता. त्यांनी किल्ली खिळ्याच्या शेजारी कोऱ्या भिंतीवर नेली आणि सोडून दिली. किल्ली खाली पडली.

"तुझा खिळा हलतो," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी किल्ली उचलून खिळ्याला लावली. खिळा हलत नव्हता. त्यांचं हसू मात्र जागच्या जागी गोठलं.

बहिणीला तोंडावर 'गाडी चालवू नको' सांगायची छाती नव्हती. लहानपणी पोहायला जाऊ नको म्हणणाऱ्या मामाला तिनं काय उत्तर दिलं होतं ते त्यांना आठवत होतं. म्हणून त्यांनी वेगळा मार्ग काढला. गाडी दुरुस्तच होऊ द्यायची नाही.

पण ताई रोज सकाळी येऊन बसायच्या. म्हणजे काम चालू दिसलं पाहिजे आणि पुढं सरकता कामा नये. आधी मॅट संपली. मग लेप दाबायचा रोलर बिघडला. मग मास्तरांची कंबर धरली. थापा संपल्या तेव्हा त्यांनी फुटका भाग मागून घासून पातळ केला आणि एकावर एक मॅट बसवत सगळा गाल सलग झाकून टाकला. दिव्याचं भोक नंतर कापायचं असतं. इथवर सगळं रीतीप्रमाणं झालं.

रीत मोडली ती डब्यात. रेझिन नुसतं ओतून भागत नाही, त्यात हार्डनर कालवावा लागतो. तो घटकाभरात लेपाचा दगड करतो. मास्तरांनी तो चोरून, नावापुरता घातला. लेप घट्ट होईना. ओला दिसे, चकाके, आणि जागचा हलत नसे. मास्तर रोज बोट लावून मान हलवायचे. "बघू उद्या."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मुद्दाम वाईट काम केलं होतं. त्या दिवसांत त्यांना जेवण गोड लागलं नाही. बायकोनं विचारलं, "दाढ का?" तर म्हणाले, "ढग आलेत."

अशाच एका सकाळी ताई स्टुलावरून उठल्या आणि गाडीपाशी वाकल्या. नाक लेपाजवळ नेलं.

"अजून वास येतोय."

"हवा दमट आहे."

"काल ऊन पोळत होतं."

"वरून पोळतं. आतून दमटच."

ताईंनी अंगठ्याचं नख लेपात टेकवलं. ठसा उठला. नख उचललं तर तार निघाली. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? दोन गोष्टी कालवायच्या, खड्ड्यात भरायच्या आणि घट्ट होईपर्यंत पेशंटला बोलू द्यायचं नाही.

"हार्डनर किती घातलास?"

"घालतो तेवढाच."

"धाकट्या."

मास्तर फडक्यानं हात पुसू लागले. हात कोरडेच होते.

"मी कधी तुझ्या तोंडात न सुकणारं सिमेंट भरलं का रे?"

"तू काहीच भरलेलं नाहीस. मी आलोच नाही कधी."

एवढ्यात मास्तरांची बायको चहा घेऊन आली. तिनं दोघांकडे पाहिलं, मग गाडीच्या ओल्या गालाकडे. "अहो, वन्संना सांगून टाका एकदाचं. नाहीतर तुम्हीही त्या लेपासारखे जन्मभर ना ओले ना सुके." कप ठेवून ती थांबली. जाणार नव्हतीच.

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं.

"खिळा हलत नाही, ताई."

ताईंनी चहाचा घोट घेतला. दुसराही घेतला.

"खांबही हलला नव्हता," त्या म्हणाल्या.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. डावीकडे धुकं असतं. सकाळी जास्त. आधी त्यांना वाटलं गाडीची काच खराब झाली, मग वाटलं चष्म्याची. दोन्ही पुसून झाल्या.

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर गाडी लपवली असतीस."

"ती लपवलीच की."

"तेही धड नाही जमलं तुला."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मास्तरांनी धीर धरला. "डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदूच असणार."

"ते डोळ्यात सुरी घालतात, धाकट्या."

"आणि तू लोकांच्या तोंडात काय घालायचीस? फुलं?"

"मी आधी सांगायचे, अजिबात दुखणार नाही."

"तेही तेच सांगतील."

"म्हणून तर भीती वाटते."

शेवटी ताईंनी कप खाली ठेवला. "जाते मी डॉक्टरकडे. पण ऐक. हिचा गाल नीट कर. आणि गाडी चालवायची की सोडायची, ते मी ठरवेन. तुझा डबा नाही ठरवणार."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी करावे तसे भरावे याचा अनुभव घेतला. कच्चा लेप घासता येत नाही, पॉलिश पेपर त्यात बुजून जातो. तो पटाशीनं खरवडावा लागतो, थिनरच्या फडक्यानं पुसावा लागतो. चिकटा हाताला, मिशीला, उलट्या सदऱ्याला. बायको दारातून म्हणाली, "आज पावडर लावूनही उपयोग नाही. बाळ चिखलात बसलंय."

मग त्यांनी पुन्हा लेप दिला. या वेळी डबा उजेडात धरून, हार्डनर मोजून. संध्याकाळपर्यंत गाल नखानं टणटण वाजू लागला. खळगे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला. दिव्याच्या जागी पेन्सिलीनं गोल आखला आणि करवत खाली ठेवली.

"हे कापा ना," बायको म्हणाली.

"ताईचा डोळा झाला की हिचा करतो."

गाडी तशी एक डोळा मिटून उभी राहिली. मास्तर येता-जाता तिच्याकडे बघायचे. ताईंचं ऑपरेशन झालं त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी बाकाची पाठ इतक्यांदा चाचपली, की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

काही आठवड्यांनी ताई शेडमध्ये आल्या. काळा चष्मा, हातात पर्स. आत येताच त्यांनी डावा हात लांबवला आणि खिळ्यावरची किल्ली काढली. चाचपडल्या नाहीत. किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्स गाडीतल्या तिच्या जागेवर ठेवली.

"डॉक्टरांनी परवानगी दिली?" मास्तरांनी विचारलं.

"दिली. आधी दिवसाढवळ्या, आधी जवळच. मी म्हटलं, फाटकापासून सुरू करते. खांबाची माफी मागायची आहे."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. सगळं त्यांना हवं तसं झालं होतं, म्हणजे त्यांना जे नको होतं तेच होणार होतं. ते पाठमोरे झाले. बारीक पात्याची करवत उचलली आणि पेन्सिलीच्या रेघेवर टेकवली. पांढरी पूड उडू लागली.

गोल अर्धा झाला असेल.

"थांब."

ताईंनी काळा चष्मा काढला होता. त्या गाडीच्या नाकाशी वाकून, एक डोळा मिटून, गालावरून आडव्या येणाऱ्या उजेडाकडे बघत होत्या. मिटला होता तो उजवा डोळा.

"इथं लाट आहे. उजेड वाकतोय."

"शक्य नाही."

"आहे. दिव्याच्या वर, चार बोटांवर."

मास्तरांनी डोळे मिटून तळहात फिरवला. "नाही." पुन्हा फिरवला. मग हात सावकाश, फार सावकाश, उलटा नेला. चार बोटांवर तो थांबला.

"आहे का?" ताईंनी विचारलं.

मास्तरांचा चेहरा मोठा पाहण्यासारखा झाला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून निसटलेली लाट कुणी दाखवली नव्हती, आणि हार मानताना कुणी इतकं खूशही झालं नसेल.

"तुला दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय म्हणूनच सांगते. आता तोंड उघड. ती दाढ बघू दे."

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले आणि लांबीचा डबा शोधायला वळले. डबा तर रिकामा होता.

"बघू उद्या," ताईच म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या. किल्ली पर्समध्येच होती.

गाडी अजून तशीच उभी आहे, दाढही तशीच. गाल गुळगुळीत, गोल अर्धा कापलेला, कडेला पांढरी पूड. आणि खिळ्यावर, किल्लीच्या जागी, करवत लटकलेली.