पानेकाकांची कडी

कुणाच्याही घरी गेले की पानेकाका आधी दार दोनदा उघडून लावून बघत. खुर्चीत बसण्याआधी तिचे पाय हलवत. खिशात रुमाल नसे, पाना हमखास असे. आणि भर उन्हाळ्यात लोकरी हातमोजे घालून कड्या काढत-लावत.

ही शेवटची सवय कामाची होती. त्यांच्या कारखान्यात बर्फाळ मुलखासाठी पोलादी घरं बनत. शेडमध्ये घर पूर्ण उभं करायचं, भिंतींवर नंबर घालायचे, मग सुटं करून ट्रकवर चढवायचं. तिकडे हातमोजा काढला की बोटं गेलीच. म्हणून काका प्रत्येक दार हातमोजे घालून तपासत. तीस वर्षांत एकही सुटलं नव्हतं.

या खेपेचं घर लेकीसाठी होतं. हवामानाच्या नोंदी घ्यायला ती हिवाळाभर तिकडच्या त्या घरात एकटी राहणार होती. काकांनी कंपनीची ओबडधोबड कडी काढून स्वतः घडवलेली नाजूक, चकचकीत कडी बसवली.

"कडी केलीत की दागिना?" फोरमनने टोमणा मारला. काका फुलून गेले. शनिवारी ट्रक गोदामाकडे निघाला.

रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार काढलं. काकू तीन वर्षं मागे लागल्या होत्या.

"जगाची दारं बसवलीत. आता माझं बसवा."

एक बिजागरी बसली. दुसरीचा बारीक स्क्रू चिमटीत धरला आणि काका थांबले.

"काय झालं?"

"ती कडी. उघड्या हातांनीच बघितली मी."

"मग?"

"हातमोज्यात सापडायचीसुद्धा नाही. पोरगी बाहेर अडकेल, बर्फात."

काकूंनी हातमोजे आणून दिले. काका घरच्या चपलांतच गोदामाकडे धावले.

ट्रक सुटायच्या आत त्यांनी जुनी कडी बसवली. पण मन भरेना. तिकडे जोडताना कुणी चौकटच तिरकी बसवली तर? ते ट्रकवाल्याशेजारी चढून बसले. वय साठ.

"जरा पुढे जाऊन येतो," असा फोन आला. सगळी गल्ली अवाक झाली.

जरा म्हणजे चार महिने झाले. लेकीने कळवलंय : दार हातमोज्यांनी उघडतं. बाबांना बूट मिळाले. आता ते शेजारच्या घरांच्या कड्या बघतायत.

इकडे कपाटाचं दार एका बिजागरीवर लटकलंय. दुसरीचे स्क्रू ओट्यावर वाटीत आहेत. सुतार येऊन गेला. काकूंनी त्याला चहा दिला, वाटी दिली नाही.