केवळरामची घडीची पेटी

एकोडीचा केवळराम वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात लागला, तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले आणि गावच्या दंडारीवाल्यांची तोंडं उतरली. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की दुपारी गावात नाच-गाण्यांची, सोंगांची दंडार उभी राहायची, ती त्याच्या पेटीवर. गायला इतवारी ढिवर. तळ्यात बुड्या मारून मारून त्याचा दम असा तयार झालेला, की त्यानं आलाप धरला की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. त्या दमाला पुरी पडेल अशी पेटी वाजवणारा आजूबाजूला हा एकच. निघताना इतवारीनं बजावलं, हात सुटू देऊ नको, नाहीतर शहापूरच्या टेकचंदला पेटीवर बोलवावं लागेल. केवळरामच्या काळजाला ते लागलं. नोकरी काय, एक गेली तर दुसरी मिळेल. इतवारीच्या शेजारची जागा गेली तर माणसानं करावं काय?

दंडारीची मोठी पेटी मंडळाची, ती नेता येत नव्हती. मग या गड्यानं आपली चांगली चालती सायकल देऊन टाकली आणि साकोलीच्या एका बंद पडलेल्या नाटक मंडळीकडून घडीची पेटी आणली. सुटकेससारखी मिटायची. कडी लावावी, हातात धरावी आणि एसटीत चढावं. बायको रुखमा म्हणाली, आता कारखान्यात पायी जा अन् पेटी मिरवा. बाईचं काही चुकलं नव्हतं.

वरठीत एक खोली तिघांत होती. सोबत परसराम आणि यादोराव. तिघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे केव्हाही पाहा, तोंडावर टॉवेल टाकून कोणीतरी झोपलेलंच. आता केवळराम असा माणूस, की कोणाची झोप मोडायची म्हटली तर त्याला पाप वाटे. भट्टीसमोर रात्र काढून आलेल्याच्या कानाशी पेटी वाजवायची? छे! त्यानं डोकं लढवलं. पेटीचा भाता उघडायचाच नाही, म्हणजे आवाज नाही; नुसती पट्ट्यांवर बोटं फिरवायची. गाणं मनातल्या मनात. खुळ्याला वाटलं, काय शक्कल काढली! वर्षभर त्यानं असाच रियाज केला आणि बोटं खरंच पळायला लागली. इकडे परसरामची समजूत अशी, की पेटी फुटकी आहे. बिचाऱ्याचं मन रमतं तर रमू द्या, म्हणून त्यानं कधी विचारलंही नाही. दोघंही एकमेकांना जपत बसले, आता बोला!

मंडई आली. केवळरामनं परसरामला पाहुणा म्हणून सोबत नेलं. मोठी पेटी बाजूला सारून हौसेनं आपली घडीची पेटी मांडली. गण सुरू झाला. बोटं अशी धावली, की म्हातारे माना डोलवायला लागले. मग इतवारीनं डोळे मिटून आलाप लावला. इथं बोटांना काम नसतं. एक पट्टी दाबून धरायची आणि डाव्या हातानं भात्याची हवा एकसारखी, न अडखळता देत राहायची. तो डावा हात वर्षभर रिकामा बसलेला. एकदा जोर जास्त पडला, एकदा कमी. सूर फुगला, खचला आणि मधेच बंद पडला. इतवारीचा आवाज एकटाच वर लटकला आणि बेसूर झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. केवळरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतवारी चिडला असता तर बरं झालं असतं. दंडार आटोपल्यावर तो जवळ येऊन बसला.

"बोटं तं लय पळून राहिली तुयी," तो म्हणाला. "पर मले हवा पायजे होती रे."

पुढच्या मंडईला टेकचंदला सांगतो, हेही त्यानं हळूच सांगितलं. केवळरामनं मान हलवली आणि पेटी मिटून कडी लावली.

परतताना एसटीत परसरामला राहवेना.

"पेटी वाजते होय तुयी? मंग खोलीत काहून नाई वाजवत?"

"तुमी झोपून राहता ना."

परसरामनं पेटी उचलून आपल्या मांडीवर घेतली, ती भंडारा येईपर्यंत.

पुढच्या रातपाळीहून परसराम सकाळी आला, हातपाय धुऊन अंथरुणावर पडला आणि म्हणाला, "वाजव आता." केवळरामनं भीत भीत भाता उघडला, एक पट्टी दाबली, हवा दिली. सूर खोलीभर झाला. पलीकडच्या खाटेवर यादोराव कुशीवरसुद्धा वळला नाही. केवळरामनं परसरामकडे पाहिलं, तर तो घोरत होता! अहो, कारखान्याच्या त्या धडधडीत दिवस काढणारी माणसं ती, त्यांना पेटीचं काय? इतक्या दिवसांत त्यांना नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं.

केवळराम तसाच हवा देत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. दोन्ही हात गुंतले होते, आणि पाहायला जागं तरी कोण होतं?