चराईबंदी

संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका कोरकू गावात मी शिक्षिका आहे. घर मोताळ्याला, रोजचं जाणं-येणं जमणारं नव्हतं, म्हणून गावातच एका घरी खोली घेतली. घरात दोघीच. सासू, जिला सगळं गाव माय म्हणतं, आणि तिची विधवा सून. सुनेला मी वहिनी म्हणते.

गावामागच्या दरीतली नदी पूर्वी होळीच्या आतच आटायची. डोंगर उघडा पडलेला, काठाला नुसती घाणेरीची झुडपं माजलेली. गावानं ठरवलं, दरी पुन्हा हिरवी करायची आणि जंगल बघायला येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय आपणच करायची. त्यासाठीच्या समितीची अध्यक्ष वहिनी झाली. घाणेरी उपटायला, बांधाचे दगड वाहायला माय सगळ्यांच्या पुढे.

पण पहिल्याच हिवाळ्यात काठाला लावलेली उंबर-जांभळाची रोपं शेंड्यापासून खाल्लेली दिसली. बकऱ्या घरोघरी होत्या, सर्वांत जास्त मायच्या. सभा भरली. चराईबंदीचा विषय वहिनीनंच काढला. मागून कुणीतरी म्हणालं, "पयले घरचं पाहा."

वहिनी म्हणाली, "आमच्या बकऱ्या पयले जातीन."

बंदी ठरली. घरी आल्यावर माय जेवली नाही. "मले काऊन नाही इचारलं?" एवढंच तिनं विचारलं.

"इचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं, माय."

बाजाराच्या दिवशी माय एकटीच बकऱ्या हाकत घेऊन गेली. आम्हाला सोबत येऊ दिलं नाही. त्यानंतर ती सुनेशी बोलेनाशी झाली. वहिनी शेजारी उभी असली, तरी माय मला सांगायची, "मॅडम, तिले सांगा, पीठ सरलं."

पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर दरी खरोखर हिरवी झाली. चैत्रातही डोहात पाणी राहिलं. अकोल्याहून, बुलढाण्याहून लोक यायला लागले, काठावर तंबू लागले. वहिनी मला म्हणाली, "मायले म्हना ना मॅडम, एकदा पानी पाहून ये."

आश्चर्य म्हणजे माय आली. आम्ही तिघी डोहाशी उतरलो. ओंजळभर पाणी पिऊन ती म्हणाली, "गोड हाय." मग कितीतरी दिवसांनी थेट सुनेकडे पाहिलं. "पन मी अठी येऊ कोनाच्या मांगं? बकऱ्या होत्या तं दिवसभर अठीच राहो मी."

"पाहुण्यायले जंगल दाखवजो ना, माय."

"ते का माह्या पुढं चरत जातीन?"

वहिनीला हसू फुटलं. माय हसली नाही, तसे वहिनीचे डोळे भरून आले.

थोड्याच दिवसांत माय डोंगरातल्या गावी लेकीकडे राहायला गेली. वहिनीनं अडवलं नाही. पाहुण्यांच्या कामातून सवड मिळाली की वहिनी तिकडे जाते, संध्याकाळी परतते. मागच्या आठवड्यात आली ती उंबऱ्यातच बसली.

"माय म्हनते, बंदी उठव, मी येतो. कशी उठवू, मॅडम? माह्या सांगन्यावरूनच तं सगळ्यायनं आपापल्या बकऱ्या इकल्या."

मी तिच्याजवळ बसून राहिले. तेवढ्यात तंबूतून कुणीतरी गरम पाणी मागायला आलं. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि ती चुलीकडे गेली.